सबुरीचा खेळ : हेन्री आयबा यांचें चरित्र

सायंकाळीं शाळा सुटल्यावर बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला कोणी पालक क्षणभर उभे राहिले, तर त्यांस एक देखावा हमखास दिसतो. ज्या मुलाच्या हातीं चेंडू येतो, तो मागचापुढचा विचार न करतां तो टोपलीकडे भिरकावून देतो. चेंडू फळ्यावर आदळून भलतीकडे जातो आणि दहाहि जण त्याच्या पाठीमागें धांवत सुटतात. घाम पुष्कळ, गुण थोडे. अशा वेळीं एखादा मुलगा चेंडू हातांत धरून थांबला, त्यानें तो सोबत्याकडे दिला, पुन्हां मागून घेतला, तर कडेची मंडळी त्याच्यावर ओरडूं लागतात. संथपणा म्हणजे भित्रेपणा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेंतील कॉलेजांच्या संघांत हाच वाद अनेक दशकें चालत आला आहे. संथ चढाईनें सामने जिंकतां येतात कीं नाहीं, या प्रश्नाच्या एका बाजूवर ज्यांनीं आपलें सारें आयुष्य पणास लावलें, ते हेन्री आयबा हे गृहस्थ. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस मनोरंजक आणि पालकांस विचार करण्याजोगें वाटेल, अशा समजुतीनें आम्ही तें येथें देत आहों.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा खेळ १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जन्मला. तेथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. त्यांनीं पूर्वीं धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला होता. हिंवाळ्यांत मुलांस घरांत खेळतां यावें म्हणून त्यांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्यास ठोकल्या आणि नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ केले. त्या पहिल्या सामन्यांत चेंडू टोपलींत पडला तो अवघा एकदां. म्हणजे खेळाचा जन्मच मुळीं संथ घटकेवर झाला म्हणावयाचा! पुढें त्याच वाय. एम. सी. ए. च्या हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. आपल्या देशांत या खेळाचा प्रसार होण्यास अशा संस्थांचें मोठें साहाय्य झालें. असो. १९३७ सालापर्यंत प्रत्येक गोल झाल्यावर चेंडू मैदानाच्या मध्यावर आणून पुन्हां वर उडविण्याचा नियम होता, त्यामुळें गड्यांस दम घेण्यास वेळ मिळे. तो नियम गेला आणि खेळ एकदम धांवूं लागला. आयबा यांचा उत्कर्ष झाला तो नेमका या धांवपळीच्या काळांत.

हेन्री पेन आयबा यांचा जन्म मिसूरी संस्थानांतील ईस्टन या लहानशा गांवीं ६ ऑगस्ट १९०४ रोजीं झाला. त्यांचे भाऊहि पुढें याच खेळाचे शिक्षक झाले, यावरून त्या घरांतील वातावरणाची कल्पना यावी. हेन्री हे फुल्टन येथील वेस्टमिन्स्टर कॉलेजांत शिकले व खेळले. हें कॉलेज प्रेस्बिटेरियन मंडळीनें स्थापिलेलें. १९४६ सालीं चर्चिलसाहेबांनीं युरोपांत पसरलेल्या लोखंडी पडद्याविषयींचें आपलें प्रसिद्ध भाषण केलें तें येथेंच. १९२७ पासून दोन वर्षें आयबा यांनीं ओक्लाहोमा सिटींतील क्लासेन हायस्कुलांत शिक्षकाचें काम केलें. तेथून ते मेरीव्हिल येथील शिक्षकांच्या कॉलेजांत गेले. पहिल्याच मोसमांत त्यांच्या संघानें एकहि सामना गमावला नाहीं, आणि चार वर्षांत ९३ सामने जिंकून अवघे १५ गमावले. १९३२ सालीं हें लहानसें कॉलेज देशांतील हौशी संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचलें आणि तेथें एका गुणानें हरलें. गुण होते १५ विरुद्ध १४! हल्लींच्या विद्यार्थ्यांस हा आंकडा एका सामन्याचा नसून पहिल्या पांच मिनिटांचा वाटेल.

कोलोरॅडो विद्यापीठांत एक वर्ष काढून १९३४ सालीं आयबा स्टिलवॉटर येथील ओक्लाहोमा कृषि व यांत्रिकी कॉलेजांत आले, आणि तेथें छत्तीस वर्षें राहिले. या कॉलेजाचें नांव १९५७ सालीं ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ असें झालें. स्टिलवॉटर हें मोठें शहर नव्हे. मोठमोठ्या विद्यापीठांकडे जशी नामांकित मुलें आपण होऊन येत, तशीं तीं येथें येत नसत. शेतकऱ्यांचीं व कामकऱ्यांचीं मुलें हाताशीं होतीं. त्यांतूनच संघ बांधावयाचा होता. अशा स्थितींत आयबा यांनीं जी पद्धत घडविली, ती थोडी समजावून घेतली पाहिजे.

त्यांच्या संघाच्या हातीं चेंडू आला, कीं कोणीहि घाई करीत नसे. पांचहि गडी सतत जागा बदलीत, एकमेकांच्या वाटेंत आडोसा उभा करीत, चेंडू हातोहात फिरे. कधीं दहा वेळां, कधीं त्याहूनहि अधिक. प्रतिपक्षाचा एखादा गडी कंटाळून वा थकून अर्धें पाऊल चुकला, कीं तेवढ्या फटींतून चेंडू आंत जाई आणि टोपलीच्या अगदीं जवळून फेक होई. दुरून आणि उतावीळपणें फेक करणारा गडी लवकरच बांकावर बसलेला दिसे. बचावाची पद्धतहि तशीच बांधीव होती. प्रत्येकानें आपल्या समोरच्या गड्यास धरून राहावयाचें, पण एकाची मात झाली तर शेजारच्यानें फाटक फिरावें तसें फिरून वाट बंद करावयाची. म्हणून या बचावास झुलत्या फाटकाचें नांव पडलें. सराव तासन्‌तास चाले, आणि तो फार कडक असे. त्यांच्या हाताखालीं शिकलेले लोक म्हातारपणींहि त्या सरावाच्या आठवणी कांहींशा धाकानेंच सांगत. गडी, सोबती, वर्तमानपत्रवाले, सारे त्यांस मिस्टर आयबा असेंच म्हणत. आपल्याकडे शिक्षकांस सर म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

या पद्धतीनें फायदा होतो तो कसा, हें आम्हीं एका थैलीवरून मुलांस समजावून पाहिलें आहे. थैलींत सहा पांढऱ्या व चार काळ्या गोट्या घालाव्या. न पाहतां एक काढावी, रंग टिपावा, आणि ती परत टाकावी. असें तीनच वेळां केलें तर काळ्यांची सरशी होण्याचा संभव शंभरांत सुमारें पस्तीस इतका असतो. तेंच एकशेंएक वेळां केलें तर काळ्यांची सरशी शंभरांत दोनदांच होईल. पांढरा रंग म्हणजे बलवान संघ, आणि प्रत्येक गोटी म्हणजे एकेक डाव. डाव थोडे झाले तर दुबळ्यास आशा असते. डाव वाढले कीं बलवानाचें बळ बाहेर पडल्यावांचून राहत नाहीं. चेंडू दीर्घकाळ हातीं धरणारा संघ दोन्ही पक्षांचे डाव कमी करतो. तेव्हां दुबळ्यानें संथ खेळावें हें सरळ गणित आहे. परंतु आयबा यांची पद्धत एवढ्यावरच थांबत नव्हती. वाट पाहून जर जवळची फेक मिळत असेल, तर थैलींतील आपल्या रंगाच्या गोट्याच वाढतात. नुसता वेळ काढणें निराळें आणि चांगल्या संधीसाठीं वेळ देणें निराळें. हा भेद न ओळखतां पुष्कळांनीं आयबा यांची नक्कल केली आणि ते फसले, असें आम्हांस वाटतें.

या कारागिराच्या हातीं एक अजब साहित्य आलें, तें म्हणजे बॉब कर्लंड हा सेंट लुइसकडचा सुमारें सात फूट उंचीचा मुलगा. त्या काळीं इतक्या उंच मुलांस बोजड समजून कोणी संघांत घेण्यास फारसे उत्सुक नसत. कर्लंडहि आरंभीं अवघडलेलाच होता. आयबा यांनीं त्याच्यावर मेहनत घेतली, आणि लवकरच तो टोपलीच्या तोंडाशीं उभा राहून खालीं येणारे प्रतिपक्षाचे चेंडू हातानें उडवूं लागला. तेव्हां नियम करणाऱ्या मंडळास १९४४ सालीं नवा नियम करावा लागला कीं, टोपलीकडे खालीं येत असलेल्या चेंडूस बचाव करणाऱ्यानें हात लावूं नये. एका मुलास आवरण्यासाठीं नियम झाला, आणि आतां स्टिलवॉटरचा संघ संपला, असें अनेकांस वाटलें असेल.

पण नियम झाला त्याच मोसमांत, म्हणजे १९४५ सालीं, या संघानें न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें न्यूयॉर्क विद्यापीठाचा ४९ विरुद्ध ४५ असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत रेड क्रॉसच्या मदतीसाठीं दुसऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेत्या डी-पॉल संघाशीं सामना झाला. तिकडे जॉर्ज मायकन हा दुसरा धिप्पाड गडी होता. तो पांच फाऊल होऊन लवकरच बाहेर गेला आणि सामना ५२ विरुद्ध ४४ असा स्टिलवॉटरकडे आला. पुढच्या वर्षीं, १९४६ सालीं, नॉर्थ कॅरोलायनाचा ४३ विरुद्ध ४० असा पराभव करून अजिंक्यपद पुन्हां मिळविलें. त्या ४३ पैकीं २३ गुण एकट्या कर्लंडचे होते. ही स्पर्धा लागोपाठ दोन वर्षें जिंकणारा हा पहिला संघ होय. संथ चढाईनें कांहींच साधत नाहीं असें म्हणणाऱ्यांस या दोन वर्षांनीं उत्तर दिलें.

याच काळांत दुसऱ्या टोंकास ऱ्होड आयलंडचे फ्रँक कीनी हे गृहस्थ होते. त्यांचे गडी सारखे धांवत, लांब लांब चेंडू फेंकीत, आणि एका सामन्यांत सत्तर-ऐंशीं गुण करीत. लोकांची गर्दी त्यांच्या सामन्यांस लोटे, आणि तें स्वाभाविक होतें. पैसे देऊन आलेल्या मनुष्यास पंधरा वेळां फिरणारा चेंडू पाहण्यांत गोडी वाटत नाहीं. केंटकीचे अडॉल्फ रप हेहि वेगवान खेळाचेच पुरस्कर्ते. १९४९ च्या अंतिम सामन्यांत रप यांच्या संघानें आयबा यांच्या संघास ४६ विरुद्ध ३६ असें हरविलें. वेगवान संघ हातीं असतांहि सामना ४६ गुणांवरच संपला, ही गोष्ट आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगी वाटते. आयबा हरले, पण प्रतिपक्षास त्यांनीं आपल्याच चालीनें चालावयास लावलें होतें.

१९५७ च्या फेब्रुवारींत विल्ट चेंबरलेन हा सात फुटांहून उंच गडी घेऊन कॅन्ससचा संघ स्टिलवॉटरला आला. तो देशांतील अत्यंत बलाढ्य संघांपैकीं एक होता. थैलीच्या गणिताप्रमाणें येथें डाव कमी करणें हेंच शहाणपण होतें, आणि आयबा यांनीं तेंच केलें. शेवटीं चेंडू राखून ठेवून अखेरच्या क्षणीं फेक करण्यांत आली, ती बरोबर पडली आणि सामना ५६ विरुद्ध ५४ असा जिंकला.

यानंतरचीं वर्षें तितकीं चांगलीं गेलीं नाहींत. १९६५ सालीं त्यांच्या संघानें आपल्या विभागाचें अजिंक्यपद मिळविलें, पण पुढच्या मोसमांपासून जिंकण्याहून हरण्याचे प्रसंग अधिक येऊं लागले. खेळणारीं मुलें बदललीं होतीं. दुरून उडी मारून एका हातानें अचूक फेक करणारे गडी गांवोगांवीं तयार झाले होते, आणि वाट पाहून मिळणारी जवळची फेक व चटकन मिळणारी दूरची फेक यांतील अंतर कमी झालें होतें. आयबा यांनीं आपली पद्धत फारशी बदलली नाहीं. १९७० सालीं ते निवृत्त झाले तेव्हां त्यांच्या नांवावर ७५० हून अधिक विजय होते, आणि त्या वेळीं रप यांच्याशिवाय कोणीहि त्यांच्या पुढें नव्हता.

त्यांची खरी मिळकत म्हणजे त्यांचे शिष्य, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. त्यांपैकीं डॉन हॅस्किन्स हे टेक्सासच्या पश्चिम टोंकाच्या एका कॉलेजांत शिक्षक झाले. १९६६ सालीं त्यांनीं राष्ट्रीय अंतिम सामन्यांत आरंभींचे पांचहि गडी काळ्या वर्णाचे उतरविले. अशी गोष्ट त्या सामन्यांत पूर्वीं कधीं घडली नव्हती. समोर रप यांचा केंटकी संघ होता, त्यांत सारे गोरे. काळे गडी शिस्तीनें खेळूं शकत नाहींत, असा एक दुष्ट समज त्या देशांत तेव्हां रूढ होता. हॅस्किन्स यांच्या मुलांनीं गुरूच्या गुरूकडून आलेला तोच संयमी, बांधीव खेळ करून सामना ७२ विरुद्ध ६५ असा जिंकला. आयबा यांच्या पद्धतीचा इतका थोर उपयोग खुद्द त्यांच्या हातूनहि झाला नव्हता.

आतां जो प्रसंग सांगावयाचा तो दुःखाचा आहे. ऑलिंपिक सामन्यांसाठीं अमेरिकेच्या संघाची जबाबदारी आयबा यांच्यावर तीन वेळां आली. १९६४ सालीं टोकियो येथें रशियाचा ७३ विरुद्ध ५९ असा, आणि १९६८ सालीं मेक्सिको येथें युगोस्लाव्हियाचा ६५ विरुद्ध ५० असा पराभव करून त्यांनीं सुवर्णपदकें आणलीं. १९७२ सालीं म्युनिक येथें ते तिसऱ्यांदां गेले तेव्हां त्यांचें वय ६८ वर्षांचें होतें. हे ऑलिंपिक सामने इस्रायलच्या अकरा जणांच्या हत्येनें आधींच काळवंडले होते. अमेरिकेचा संघ तरुण मुलांचा होता. चपळ, उंच आणि धांवण्यास उत्सुक. समोर रशियाचे गडी वयानें मोठे आणि एकत्र खेळून मुरलेले. आयबा यांनीं आपल्या मुलांस नेहमींच्या संथ चालीनें खेळविलें. अर्धा वेळ झाला तेव्हां रशियाकडे २६ आणि अमेरिकेकडे २१ गुण होते. शेवटचीं दहा मिनिटें उरलीं तेव्हां पिछाडी दहा गुणांची झाली. मग मुलांनीं लगाम तोडल्याप्रमाणें सर्व मैदानभर दाबून खेळण्यास आरंभ केला आणि अंतर भरून काढलें. तीन सेकंद उरले असतां डग कॉलिन्स यानें, जोरानें आपटून उठल्यावर, दोन फ्री थ्रो टोपलींत टाकले. अमेरिका ५०, रशिया ४९.

त्यापुढील तीन सेकंद तीन वेळां खेळविण्यांत आले, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. एकदां खेळ मध्येंच थांबला. एकदां घड्याळ नीट लावलेलें नव्हतें, आणि अमेरिकन मुलें विजयाच्या आनंदांत नाचूं लागलीं असतां त्यांस परत बोलावण्यांत आलें. तिसऱ्या वेळीं सबंध मैदान ओलांडून आलेला लांब चेंडू अलेक्झांडर बेलोव्ह यानें झेलून टोपलींत टाकला. ५१ विरुद्ध ५०. म्हातारे आयबा रागानें मैदानांत धांवत गेले. तक्रारीवर पंचमंडळानें तीन विरुद्ध दोन मतांनीं निकाल कायम ठेवला. अमेरिकन मुलांनीं रौप्यपदकें घेतलीं नाहींत. त्याच गर्दींत तक्रारीच्या कागदावर सही करतांना आयबा यांचें पैशांचें पाकीटहि कोणी लांबविलें. दैवानें एका रात्रींत मनुष्यास किती म्हणून लुटावें!

तीन सेकंदांच्या अन्यायाविषयीं बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें बोलून झालेंहि आहे. आमचा प्रश्न त्याआधींच्या तीस मिनिटांविषयीं आहे. त्या मुलांस आरंभापासून धांवूं दिलें असतें तर शेवटचे तीन सेकंद इतके मोलाचे ठरलेच नसते, असें अनेक जाणत्यांचें मत आहे, आणि खेळणाऱ्यांपैकींहि कांहींनीं पुढें तसें बोलून दाखविलें. आम्हांसहि तें पटतें. रशियाचा संघ दुबळा नव्हता. परंतु चपळाई, दम आणि तारुण्य अमेरिकेकडे होतें, आणि ज्याच्याकडे हें बळ असतें त्यानें डाव कमी करणें म्हणजे आपल्याच थैलीचें तोंड आवळणें होय. शिवाय ऑलिंपिकच्या नियमाप्रमाणें तीस सेकंदांत फेक करणें भाग होतें, तेव्हां स्टिलवॉटरप्रमाणें प्रतिपक्षास थकवीत बसण्यासहि जागा नव्हती. ज्या शस्त्रानें दुबळ्या कॉलेजास मोठेपणा दिला, तेंच शस्त्र बलवान राष्ट्राच्या हातीं जड झालें. तथापि हें लिहितांना आम्हांस एक गोष्ट विसरतां येत नाहीं. त्या दिवशीं शेवटच्या दहा मिनिटांतील जो बचाव अमेरिकेस आघाडीपर्यंत घेऊन आला, त्या बचावाचें शिक्षणहि मिस्टर आयबा यांचेंच होतें.

कॉलेजांच्या सामन्यांत मात्र वेळेचें बंधन फार उशिरां आलें. १९७३ सालीं टेनेसी व टेंपल यांच्यांतील एक सामना ११ विरुद्ध ६ असा संपला, यावरून नुसता चेंडू धरून बसण्याचा अतिरेक कोठवर गेला होता तें दिसेल. अखेर १९८५ च्या मोसमापासून ४५ सेकंदांत फेक करण्याचा नियम झाला. १९९३ सालीं ती मर्यादा ३५ सेकंदांवर व २०१५ सालीं ३० सेकंदांवर आली. इतकें होऊनहि संथ खेळ मेला नाहीं. १९९६ सालीं प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं आदल्या वर्षींच्या अजिंक्य लॉस एंजेलिसच्या संघास ४३ विरुद्ध ४१ असें हरविलें. दुबळ्याचें गणित तेथें बरोबर उतरलें. व्हर्जिनियाचा संघ, जो देशांतील अत्यंत संथ संघांपैकीं एक गणला जाई, तो २०१८ सालीं पहिल्याच फेरींत सर्वांत खालच्या मानांकनाच्या संघाकडून ७४ विरुद्ध ५४ असा हरला आणि सर्वत्र हंसें झालें. त्याच संघानें, तीच चाल ठेवून, पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें.

आयबा यांनीं यांपैकीं प्रिन्स्टनचा विजय पाहिला नाहीं. निवृत्तीनंतर ते स्टिलवॉटर येथेंच राहिले आणि १५ जानेवारी १९९३ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. ज्या क्रीडागृहांत ते १९३८ पासून मुलांस शिकवीत होते, त्यास १९८७ सालीं गॅलाघर यांच्या जोडीस त्यांचेंहि नांव देण्यांत आलें. त्या क्रीडागृहांत प्रेक्षकांच्या जागांमध्यें एक खुर्ची मिस्टर आयबा यांची म्हणून राखून ठेवलेली आहे. तिचें तिकीट कोणास विकीत नाहींत.